हेन्ड्रिकच्या गावात मला घर नव्हतं

हेन्ड्रिक गेल्याचं लॅबमधल्या सकाळच्या मीटिंगमध्ये कळलं. सुट्टीत दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या गावी गेला होता, तिथेच हृदय बंद पडलं. मी त्याआधीचे दोन आठवडे त्याच्याशी बोलतच नव्हते, हे कुणाला ठाऊक नव्हतं...

परदेशातल्या, बुओना व्हिस्टा भागातल्या त्या लॅबमध्ये आम्ही चार वर्षं शेजारी बसलो. त्याचं गाव फक्त आफ्रिकानर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या लोकांचं. वर्णभेदाचे कायदे जाताना काही गोऱ्या कुटुंबांनी वसवलेलं. भाषा आपली, शाळा आपली, बाहेरच्याला घर नाही. तो हे लपवत नसे. मीही त्याला सांगितलं होतं, की माझे वडील ज्या वस्तीत वाढले ती लातूरकडच्या एका गावाच्या बाहेर होती, आणि का होती. ते ऐकून त्याने समोरचं जेवण तसंच ठेवलं. पुढे वडील वारले तेव्हा मला विमानतळावर सोडायला तोच आला. वेळ होईपर्यंत माझी बॅग मांडीवर घेऊन बसून राहिला.

आणि त्यानेच एके दिवशी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत जेवताना सांगितलं, की कॉन्ट्रॅक्ट संपलं की तो कायमचा गावी परतणार.

"मला तिथे घर घेता येईल?" मी विचारलं.

"नाही. पण चहाला ये. आई तुझ्यासाठी केक करेल."

"तुला त्यात काहीच वाटत नाही?"

"वाटतं. पण आमची भाषा दुसरीकडे कुठे टिकेल, ते तू सांग."

माझी मुलगी घरात माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते... पण म्हणून कुणाला दाराबाहेर ठेवायचं? मी अर्ध्या जेवणावरून उठले. सुट्टीवर निघताना त्याने पाठवलेला मेसेजही उघडला नाही. तो वारल्याचं कळल्यावर उघडला. 'आल्यावर बोलू,' एवढंच होतं.

पॅन्ट्रीत तो आपला कप स्वतःच धुवायचा, साफसफाईच्या आंटींना घेऊ देत नसे. मला तो साधेपणा वाटायचा. मग एकदा म्हणाला, गावात सगळी कामं आपणच करायची असा नियम आहे. बाहेरची माणसं कामाला ठेवली, की त्यांना राहायला जागा द्यावी लागते. तेव्हापासून त्या कप धुण्याकडे कसं पाहावं ते कळेना. अजूनही कळत नाही. परवा आंटींनी कपाटातून त्याचा कप काढला.

"चांगला माणूस होता, ना?"

"हो," मी म्हणाले. कप त्यांच्याकडून घेतला आणि स्वच्छ होता तरी नळाखाली धरला.

"आता तूही मला हात लावू देणार नाहीस का?" त्या हसत म्हणाल्या.

मी कप त्यांच्या हातात परत दिला.