रुखवतातला पाट

संशय माझ्याकडे आईकडून आला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमची आई तोंड पोळायची वाट बघत नसे. दिल्लीत मयूर विहारच्या सोसायटीतल्या फ्लॅटचा ताबा मिळाला त्या दिवशी सगळे पेढे वाटत होते आणि ती भिंतीवर नख मारून बघत होती. नखात चुना आला तेव्हा तिने बाबांकडे असं पाहिलं, जणू सिमेंटमध्ये जास्तीची वाळू त्यांनीच मिसळली होती.

ते दिवस बाजारात रोज नवं काहीतरी येण्याचे होते. परदेशी शांपू, परदेशी चीज, कसले कसले डबे. लोक हरखून जायचे. आई आधी झाकण उघडून वास घ्यायची.

त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या आंटींकडे मी डेकुपाज शिकायला लागले तेव्हा घरात काय झालं असेल ते सांगायला नको. आंटींचे यजमान नोकरीनिमित्त काही वर्षं परदेशात होते, तिथून त्या ही कला घेऊन आल्या होत्या. छापील कागदातली फुलंपानं बारीक कात्रीने कापायची, लाकडावर खास गोंदाने चिकटवायची आणि वरून सीलरचे, म्हणजे पारदर्शक वॉर्निशसारख्या लेपाचे, थरावर थर द्यायचे. चित्र चिकटवलेलं नाही, लाकडावरच रंगवलेलं आहे असं वाटलं पाहिजे. गोंद आणि सीलर आंटी जॅमच्या रिकाम्या बाटल्यांतून काढून द्यायच्या. मूळ बाटली त्यांनी कधी दाखवली नाही.

"फॉरेनचा म्हणे!" आई म्हणाली. "सुताराचा पांढरा गोंद आहे, पाणी घातलेला. घे वास."

मी वास घेतला. मलाही तसंच वाटलं, पण तिच्यापुढे कबूल कोण करणार?

त्याच थंडीत माझं लग्न ठरलं. मुलाकडची मंडळी पुण्याहून बघायला आली होती. मुलाच्या आत्याने पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता विचारलं, "दिल्लीत वाढलेल्या मुलींना हाताचं काही येतं का हो? की सगळं विकतचं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "रुखवतात पाट मांडीन, तो माझ्या हातचा असेल. दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही." आईला तेवढ्यात ठसका लागला.

तर आता माझी सगळी इज्जत एका सागवानी पाटावर येऊन बसली. जुन्या लग्नपत्रिकांमधली वेलबुट्टी मी कापून घेतली. पत्रिकेचा कागद जाड, म्हणून तो भिजवून मागचा पदर सोलून काढला. चिकटवल्यावर ओल्या फडक्याने मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढली. सीलरचा थर, वाळवणं, बारीक पॉलिश पेपरने हलकं घासणं, पुन्हा थर. आंटींची परीक्षा एकच होती. आँखें बंद करके उँगली फेरो, कागज़ का किनारा नहीं लगना चाहिए. माझ्या बोटाला किनारा लागत होता. एका कोपऱ्यात तर फुगेही आले होते.

दिल्लीच्या थंडीत सीलर लवकर वाळेना, म्हणून पाट बाल्कनीतल्या उन्हात ठेवून मी ऑफिसला जायची. परत आले की मला काहीतरी खटकायचं. कोपऱ्यातला एखादा फुगा बसलेला असायचा. मी जाड लावलेला थर गुळगुळीत दिसायचा.

"आई, पाटाला हात लावलास?"

"मी कशाला लावू? मला त्या वासाने डोकं दुखतं."

मी सीलरच्या झाकणावर आणि बाटलीवर पेनाने एक सरळ रेघ मारून ठेवली. संध्याकाळी रेघेचे दोन तुकडे समोरासमोर नव्हते. चोर घरातलाच होता. पण पुरावा म्हणून रेघ दाखवली असती तर आईने झाकणालाच दोष दिला असता.

लग्न दिल्लीतच झालं. हॉलच्या एका बाजूला रुखवत मांडलं होतं आणि मुलाकडच्या बायका एकेक वस्तू उचलून बघत होत्या. आत्या थेट पाटाकडे आल्या. त्यांनी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. मग नख मारलं. कागद सुटला नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तेवढ्यात त्यांचं बोट कोपऱ्यात थांबलं.

"हे काय हो विहीणबाई? केस आहे."

सीलरखाली एक लांब केस अडकला होता. पांढरा. आत्यांनी आधी माझी काळीभोर वेणी पाहिली, मग आईचा अंबाडा.

"उन्हात केस वाळवत बसले होते," आई चटकन म्हणाली. "उडून पडला असेल."

पण वरून पडलेला केस वरच राहिला असता. हा दोन थरांच्या मध्ये होता, आणि ब्रशच्या ओघाने वळलेला होता. ते मला दिसलं आणि आत्यांनाही. त्या एवढंच म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे आईची मदत होती," आणि लाडू बघायला पुढे सरकल्या. मला रडूच आलं. सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडतेय.

निघताना नमस्काराला वाकले तेव्हा मी दात-ओठ खात विचारलं, "का केलंस असं?"

"फुगे राहिले होते तुझे," आई कानात म्हणाली. "ती बाई नख मारून बघणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी नसतं का मारलं?"

आता आम्ही गुरुग्रामला राहतो, उंच टॉवरमध्ये. आई जाऊन काही वर्षं झाली. मागच्या महिन्यात फर्निचरला पॉलिश करायला कारागीर आला होता. कसलं थिनर आणलंय ते मी आधी हुंगून पाहिलं. माझ्या मुलीने कपाटावरून पाट काढला. रुखवत म्हणजे काय हे तिला अजून नीट सांगता येत नाही.

"आई, यात बाल अडकलाय, ई! भैया, इसको भी घिस दो ना."

कारागिराने पाट मांडीवर घेऊन पॉलिश पेपर टेकवला होता. मी पाट त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावला. मुलगी बघतच राहिली.

सीलर पिवळा पडलाय, पण सुटला कुठेच नाही. दोघं हॉलमध्ये गेल्यावर मी डोळे मिटून बोट फिरवलं. कागदाचा किनारा लागत नाही. कोपऱ्यात आई लागते.