वहिनींचा शेल

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तिला सगळे वहिनीच म्हणायचे. दीर तिथे आधीपासून पंपांवर फिटर होता. त्याचीच हाक सगळ्यांनी उचलली. काळ्या पडद्यावर कमांड देऊन एका प्रोग्राममधली माहिती दुसऱ्यात पाठवायची, हे तिचं काम. माहिती जायची ती नुसती शब्दांची ओळ होऊन: पंपाचं नाव, तापमान, दाब. पुढचा प्रोग्राम तिसरा शब्द म्हणजे दाब, असं धरून चालायचा.

एकदा कुणीतरी ‘टेकडी’ पंपाचं नाव ‘टेकडी पंप’ केलं. एक शब्द वाढला, ओळ सरकली. तापमानालाच दाब समजून, दाब फार वाढला म्हणून प्रोग्रामने पंप बंद केला आणि टेकडीवरची घरं दिवसभर कोरडी राहिली. लोकांच्या शिव्या खाल्ल्या दिराने.

"वहिनी, पंप ठणठणीत आहे. तुमच्या त्या डब्यालाच विचारा काय झालं ते!"

तिला ते लागलं. ती स्वतःचा शेल, म्हणजे कमांड ऐकून प्रोग्राम एकमेकांना जोडून देणारा प्रोग्राम, लिहायला बसली. त्यात प्रत्येक आकडा आपलं नाव घेऊनच पुढे जाणार होता. ‘दाब’ मागितला की दाबच मिळेल.

"आणि जुने प्रोग्राम?" शेजारच्या टेबलावरचे मिशीवाले हसले. "त्यांना ओळीच कळतात. सगळे नव्याने लिहिणार?"

एकच लिहिताना तिच्या नाकी नऊ आले. पंधरवडाभर तिने नाद सोडला होता. मग सुचलं: जुन्यांना हातच लावायचा नाही. त्यांची ओळ शेलच्या दारातच फोडायची, नावं तिथेच लावायची. आणि जुळलं नाही, तर अंदाज न बांधता थांबून सांगायचं.

शेल सुरू केला त्याच आठवड्यात तो थांबला.

"पडला ना बंद?" मिशीवाले म्हणाले.

"बंद नाही पडला. वाचा तरी."

पडद्यावर होतं: ‘दाब’ हवा होता, आकडा मिळाला नाही. तिने दिराला फोन लावला. तो पंपावर जाऊन आला. दाब मोजणारं यंत्रच मेलं होतं. पाणी मात्र धो धो चालू होतं.

मिशीवाल्यांनी खुर्ची ओढली. "पंपांचा दाबाप्रमाणे क्रम लावता येतो?"

तिने लावून दाखवला.

"आणि फक्त बंद पंप?"

तेही आले.

"सरका जरा," म्हणत त्यांनी कीबोर्डच आपल्याकडे घेतला.

आता शेजारच्या गावच्या ऑफिसालाही तो शेल हवाय. शिकवायला मिशीवाले जातात आणि तिथून रोज फोन करून नव्या फर्माइशी सांगतात. वहिनी वैतागते, हसते आणि लिहायला बसते.