बिअरचा फ्रीज आणि कळसाडीचे पाहुणे

आता माझी फजिती मीच सांगतो, दुसऱ्या कुणाकडून ऐकलीत तर खरं मानणार नाही! फक्त मधे हसू नका, चहा सांडेल.

माझे साडू परदेशातली नोकरी सोडून सुरतला आले, ते सोबत बिअरचा फ्रीज घेऊनच! आत बॅरल, वर नळ. नळ ओढला की ग्लास भरला. पण गुजरातेत दारूबंदी. मग हे धूड ठेवायचं कुठे? सीमेच्या अलीकडे, शहाद्याला, आमच्या ओट्यावर!

आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही. पण मी काय कमी डोकेबाज? उन्हाळाभर त्यात मठ्ठा भरला. नळातून फेसाळ मठ्ठा! गल्लीत काय रुबाब होता माझा! पुढे नळीत तो आंबला आणि असा वास सुटला, की दूधवालासुद्धा माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागला.

त्यात आमच्या मुलीला, सीमाला, कळसाडी गावचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, अख्खं घर निर्व्यसनी. सीमाच्याही मनात भरलेला. पाहुणे रविवारी येणार होते. बायकोने बजावलं, "रविवारना पहिले हाई धूड काढा! मन्ही पोरनं लगन मोडनं तर तुम्हलेच यामा कोंडसू!"

एका ढाब्याच्या मालकाला मी फोनवरच पटवलं. शनिवारी ते बघायला येणार होते. विकायचा तर चकाचक नको?

शनिवारी सकाळीच बसलो. नळ खोलला, सुटे भाग गरम पाण्यात टाकले. रबराच्या रिंगा दातांच्या जुन्या ब्रशने घासल्या. बॅरलमध्ये सोड्याचं कोमट पाणी भरून गॅसच्या दाबाने नळीतून सोडलं. आधी जे बाहेर आलं त्याचं वर्णन चहाबरोबर नको! मागच्या जाळीतली धूळसुद्धा काढली. असं काम कंपनीचा माणूस करेल का हो?

तेवढ्यात दोघे जण आले. पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. टोपी घालून ढाबा चालवतात, म्हणजे चांगलेच मुरलेले असणार!

"राम राम भाऊ. काय करी ऱ्हायनात?" थोरल्याने विचारलं.

"या, बठा! तुमनीच वाट दखी ऱ्हायनू. हाऊ दखा, बिअरना फ्रीज!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, भाव पाडायची तयारी. मग मी पण जोर लावला. मठ्ठ्याचं नाव काढलं तर बिअरवाला कसला घेतो?

"वापरेल शे का?" थोरला दबकत म्हणाला.

"रोज! सकाय-संध्याकाय! एक दिन खाडा नही!"

"घरमा... कोन कोन पेस?"

"समदा! बायको, मन्ही माय, गल्लीना लोके!"

"आनि आंडेर? तुमनी पोर?"

"आंडेरना तर हात बठेल शे! डोया झाकीसन ग्लास भरस. वर फेस बरोबर दोन बोटं!"

थोरल्याने ओट्याचा खांब धरला. मी खूश. गिऱ्हाईक गार झालं!

इतक्यात माझा फोन वाजला. ढाब्याचे मालक! "भाऊ, गाडी बंद पडली. उद्या येतो."

मी फोन खाली ठेवला. "मंग... तुम्ही कोन?"

"मी पोऱ्याना बाप. कळसाडीना. जराशी चौकशी कराले उनूत."

अरे देवा! पाहण्याच्या कार्यक्रमाआधी जाणती माणसं न सांगता येऊन तपास करतात, हे काय मला नवीन? भाचीच्या वेळी मीच गेलो होतो की तपासाला!

दारात सीमा उभी होती. डोळे भरलेले. खरं सांगतो, त्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली. मी "मठ्ठा... मठ्ठा..." एवढंच म्हणत होतो. बायको पदर खोचून बाहेर आली. तिने सगळं सांगितलं, पण पाहुणे चपला घालायलाच निघाले.

तेव्हा समोरच्या ओट्यावरून म्हातारी शेजारीण ओरडली, "ओ पाव्हना! मी बी पेल शे, मठ्ठाज व्हता! पोर सोनानी शे. बाप तेवढा येडा शे!"

थोरला थबकला. माझ्याकडे बघितलं, फ्रीजकडे बघितलं आणि पोट धरून हसत सुटला. "पोर आमले पसंद शे!"

माझ्या जिवात जीव आला. लगेच छाती काढून पुढे झालो, "मंग साखरपुडानी बोलनी करी टाकूत का?"

त्यांनी मला कोपरापासून हात जोडले.

"करसूत ना. पन इहीनबाईसंगे. तुम्ही तंव्हर फ्रीज धुवा!"