हर्षाचे रानटी उंदीर

हर्षा उंदरांच्या जिभा तपासते. हुडकेश्वरला आम्ही दोघी एका खोलीत राहतो. मी साहित्यातली, ती प्राणिशास्त्रात पीएचडी करणारी. तिने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हातातला घास मी ताटात परत ठेवला.

प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मतात, ठरलेल्या गोळ्या खातात. खायचं काय आणि टाळायचं काय, हे त्यांना ठरवावं लागत नाही. हर्षाचा प्रश्न असा, की मग त्यांच्या जिभेवरच्या चवीच्या कळ्या बाहेरच्या उंदरांइतक्याच राहिल्या असतील का?

"कमी झाल्या असतील," मी म्हटलं.

"वाढल्याही असतील. मालूम असतं तर उंदरामागं फिरून राहिली असती का वं मी?"

बाहेरचे उंदीर तिने लकडगंजमधल्या आनंदरावांच्या धान्याच्या गोदामातून धरले होते. जीभ निळ्या रंगाने रंगवली की कळ्यांचे उंचवटे फिके उठून दिसतात. तिने मला दाखवले. मला वाटलं, चांदणं पाहतेय. पण पांढऱ्या आणि बाहेरच्या उंदरांत तिला फारसा फरक सापडत नव्हता. पुढच्या आठवड्यात मार्गदर्शक सरांपुढे थिसिसचं पहिलं प्रकरण ठेवायचं होतं, आणि ते सगळं या तुलनेवर उभं होतं.

शेवटच्या खेपेला गोदामात मीही गेले. सापळ्यातल्या करड्या उंदराच्या पाठीवर पांढरा डाग होता. हर्षा बघतच राहिली.

"काका, इथं कधी पांढरे उंदीर होते का?"

"होते ना. मीच पिंजऱ्यातली जोडी इकत आणून सोडली, झाले असतील आठ-दहा साल. पांढरा उंदीर म्हणजे लक्ष्मी." आनंदरावांनी तिच्याकडे पाहिलं. "काहून वं पोरी, चावला का तुले?"

"मले नाही काका. थिसिसले चावला."

बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, "डागवाला सोडून दे. बाकीचे तर करडेच आहेत."

"दिसतात करडे. त्याईचा आजा कोण होता, कोणाले मालूम?"

तिने तिथूनच सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"प्रकरण गेलं," फोन ठेवून म्हणाली. मग परत आत गेली. "काका, शेजारच्या गोदामाईत तर कोणी नाही ना सोडले?"

"त्याईनं कायले आणावं? माह्याचकडून पिल्लं नेली ना सगळ्याईनं."

हर्षाने रिकामे सापळे उचलले.

"आता?" मी विचारलं.

"आता दूरचं एखादं गाव पाहू. पहिले लोकाईले विचारू, मग सापळे लावू."