मुनीमजीच्या तोंडावरचा गुलाल अन् अप्पाचं पेटंट

जिनिंगमदी कापसाचा फुफाटा कसा बसतो बघा. आत्ता झाडलं, पाठ फिरवली की परत तेवढाच. आमच्या वर्कशॉपमदल्या किश्श्यायचं बी तसंच हाय. एक सांगायला बसलो की दुसरा येऊन त्याच्या डोक्यावर बसतो. अन् बहुतेकांमदी शेवटी मीच निघतो, त्याला माजा इलाज न्हाई.

पर ह्याच किश्श्यायवर एकदा अप्पाचं अख्खं पेटंट लटकलं व्हतं, हे लय कमी जणायला माहीत हाय.

पहिले माणसं सांगतो. अप्पा मंजे मन्मथअप्पा, आईचे थोरले भाऊ. मामा मनायला पायजे, पर अख्खं जिंतूर अप्पा मनतं मनून मी बी अप्पाच मनतो. जिनिंगच्या मशीनीचे कंट्रोल पॅनल बनवतेत. शब्बीरभाई पूर्ण्याहून येतेत. काचेच्या तारा जोडतेत, त्याच केसाएवढ्या बारीक, इंटरनेटवाल्या. अन् मी ग्यान्या. दहावीत गणित अन् इंग्रजी दोन्ही माज्यावर रुसले, तवापासून हितंच.

*

अप्पानं शोध लावला अन् तो जिनिंगच्या शेठला समजून सांगितला, हितून सुरू करू.

जिनिंगमदल्या मशीनी एकमेकीशी बोलत्यात. तांब्याच्या तारेतून बोलल्या की मोठ्या मोटारीच्या करंटनं त्यायच्या बोलण्यात गडबड व्हती. मनून अप्पानं काचेच्या तारा टाकल्या. त्यातून उजेड निरोप घेऊन पळतो. पर दोन तारायच्या जोडावर फुफाटा बसला की उजेड मंद, अन् सगळ्या मशीनी मुक्या.

मग अप्पानं डोकं लावून एक डबी बनवली. उजेड कुठं मंद झाला ते मशीननंच वळखायचं, अन् तिथंच कॉम्प्रेसरची हवा सोडून जोड साफ करायचा. काम थांबवायचं न्हाई. नुस्तं फुस्स. आमी त्या डबीचं नावच फुस्स ठिवलं.

अप्पानं शेठला सगळं सांगितलं. डोळ्यातल्या मोतीबिंदूचं उदाहरण दिलं, कागदावर चित्र काढलं, घसा कोरडा केला. शेठनं शेवटपर्यंत ऐकलं अन् मनला, "अप्पा, सगळं पटलं. पर एक झाडूवाला ठिवला असता तर?"

अप्पा मनले, "शेठ, जोड मशीनच्या पोटात हाय. झाडूवाला आत घालता का?"

शेठनं मशीनकडं बघितलं, मंग झाडूकडं.

"ऱ्हाऊ द्या. तुमची फुस्सच घाला."

*

शब्बीरभाईकडं एक पेन हाय. त्यानं तारेत लाल उजेड सोडायचा, तार जिथं मोडली तिथं तो बाहेर दिसतो. आता असली चीज माज्यासमोर उघडी ठिवून शब्बीरभाई जेवायला गेले तर मी काय करावं?

लिंबाजीकाका आमचे वॉचमन. त्यायची बिडी स्टुलावर पडली व्हती, न पेटवलेली. मी मागून तिच्या शेंड्यात काचेची तार घातली अन् पेन चालू केलं. केसाएवढी तार, ती दिसते कुणाला. काका आले तर बिडीचा शेंडा लालबुंद.

"कुणी पेटवून ठिवली रे?"

"तुमचीच हाय, काका. इसरलात."

काकानं झुरका मारला. धूर न्हाई. परत वढली. शेंडा लाल, धूर न्हाई. गाल आत जाईपर्यंत वढली अन् मनले, "ग्यान्या, ह्या बंडलात तंबाखूच न्हाई रे. नुस्ती आग भरली."

अन् तडक उठले, पानवाल्याशी भांडले, अन् बदली बंडल घेऊन आले.

शब्बीरभाईनं मला पेनासकट धरलं. "इजाजत ली थी?"

मी मनलं, "न्हाई."

"कब्बी ली क्या जिंदगी में?"

ह्याच्यावर मी इचार केला. खरंच आठवंना.

*

आता गुलाल.

खंडेनवमीला आमी मशीनीची पूजा करतो. हार, नारळ, हळदकुंकू, गुलाल. शेठचे मुनीमजी दरसाल येतेत, पांढरेशुभ्र कपडे घालून. मुनीमजीची एक सवय हाय. कोणतीबी नवी वस्तू दिसली की तिच्यात बोट घालायचं अन् इचारायचं, "हे कितीला पडलं?" आमच्या घरच्या मिक्सरमदी बी घातलं व्हतं.

टेबलावर फुस्स जोडून ठिवलेली व्हती. मी हवेच्या नळीत गुलाल भरला, मोबाईल डब्याला टेकवून चालू केला अन् गरिबावानी बाजूला उभा ऱ्हायलो.

मुनीमजी आले. वाकले. जोडाच्या फटीत बोट घातलं. उजेड अडला.

फुस्स.

नुस्ता चष्मा अन् दात उरले. मुनीमजीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला, अन् मनले, "पर हे कितीला पडलं?"

रील टाकल्याबरुबर पळाली. जिंतूर, येलदरी, पूर्णा, सगळीकडं मुनीमजी लाल. खाली एकानं इचारलं, "हवा आपोआप कशी सुटली?" मला काई लपवता येत न्हाई. मी तिथंच लिव्हलं, उजेड कुठून येतो, बोट घातल्यावर मंद कसा व्हतो, मशीनला कसं कळतं, हवा कवा सुटती. एकदम समजंल असं.

अप्पाला कळलं तवा रील जिल्हाभर फिरली व्हती. पेटंटचा अर्ज अजून टाकायचा व्हता. अप्पानं रील काढायला लावली, माजा मोबाईल कपाटात घातला, अन् वकिलाकडं पळून अर्ज टाकला. आमाला वाटलं, मिटलं.

*

अर्ज टाकला की पेटंट ऑफिसात त्याची तपासणी व्हती. हे जगात आधी कुणी दाखवलं हाय का, ते हुडकतेत. आधी दाखवलेलं सापडलं की पेटंट गेलं. पेटंट गेलं की ती डबी कुणीबी उचलून बनवू शकतं. अन् पुण्याची एक मोठी कंपनी तेवढ्यासाठीच थांबून बसली व्हती. अप्पा तिच्या मालकायशी पैशाचं बोलायचे तवा ते हसून मनायचे, "पेटंट मिळू द्या, मग बघू." अप्पाची उमेदीची वर्सं त्या डबीत गेली व्हती, लगीन केल्यापासून दुसरं काई केलं न्हाई असं मामीच मनती.

तपासणीचे आक्षेप आले. वकीलसाहेब संभाजीनगरहून फोनवर, अन् आमी सगळे कॉम्प्युटरसमोर.

"पहिला आक्षेप एका परदेशी पेटंटचा," वकीलसाहेब मनले. "त्यात हवा नाहीये. त्याचं उत्तर देता येईल. दुसऱ्यात एक लिंक दिली आहे. उघडा."

अप्पानं दाबलं. गाणं वाजलं, अन् पडद्यावर लालभडक तोंड. मी काढलेली रील कुणीतरी अर्जाच्या आधीच उचलून, खालच्या माज्या लिव्हण्यासकट, परत टाकली व्हती.

शब्बीरभाई वाकून बघायलते. "अप्पा, ये तो अपने मुनीमजी हैं."

वकीलसाहेब तिकडून वाचायले, "तपासणी करणाऱ्या मॅडमनी लिहिलंय की, शोध या चित्रफितीत पूर्णपणे दिसतो. आणि खाली ज्ञानोबा नावाच्या व्यक्तीने दिलेलं स्पष्टीकरण अर्जातल्या वर्णनापेक्षा सुबोध आहे."

मी मनलं, "बगा."

अप्पा खुर्चीवर बसले. "शिवा शिवा" एवढंच मनले. मला वरडले असते तर बरं वाटलं असतं.

*

वकीलसाहेब मनले, कायद्यात एक वाट हाय. शोध लावणाऱ्याला न इचारता दुसऱ्यानं तो परस्पर जाहीर केला, अन् कळल्याबरुबर मालकानं अर्ज टाकला, तर पेटंट मिळू शकतं. "पण मुलानं हे खरंच न विचारता केलं, हे पटवावं लागेल. त्याच्या वागण्याची माहिती असणाऱ्यांची शपथपत्रं घ्या."

मंजे मी वात्रट हाय हे साबित करायचं. मी मनलं, हे तर आपलंच काम.

मुनीमजी बोलावण्याआधीच हजर. पेन सोता घेऊन आले व्हते. एकदा सुरू झाले ते थांबंनात. वकीलसाहेब मनले, "रीलपुरतं पुरे." मुनीमजी मनले, "मग मिक्सरला करंट कुणी लावला ते कुठं लिव्हू?"

लिंबाजीकाकाला कशाबद्दल लिव्हायचं तेच माहीत नव्हतं. मनून मी त्यायला बिडीचं खरं सांगितलं.

"मंजे पानवाल्याशी मी उगं भांडलो?"

"हौ."

काका सही न करताच उठले. आधी पानवाल्याकडं गेले, त्याच्यासोबत बसून च्या पिले, मंग येऊन सही केली.

आई काई केल्या लिव्हंना. "दादा, माज्या लेकराला वात्रट मनून सहीनिशी लिव्हून देऊ? उद्या त्याला पोरगी कोण देईल?"

अप्पा मनले, "सुमन, अख्ख्या जिंतूरला ठावं हाय गं."

"ठावं असू दे. कागदावर न्हाई ना."

वकीलसाहेबायनं माज्या वयाचा पुरावा मागितला. मी शाळा सोडल्याचा दाखला दिला. तो फायलीला जोडला अन् गेला. त्याच्यावर काय लिव्हलंय ते कुणी वाचलं न्हाई. शाळेचा दाखला वाचतं कोण?

*

सुनावणी व्हिडिओवर व्हती, आमच्याच वर्कशॉपमदून. वकीलसाहेब सोता जिंतूरला आले. टेबलावर फुस्स चालू करून ठिवली व्हती, मॅडमनी बघायला मागितली तर असावी मनून. शब्बीरभाई, मुनीमजी, लिंबाजीकाका मागं ओळीनं. कॅरम तेवढा घाईत टेबलाखाली ढकललेला.

आईनं मला न्हाऊ घातलं, तेल लावून भांग पाडला, माजे खिसे उलटे करून बघितले अन् गळ्याची आन घ्यायला लावली. बोलायचं न्हाई, हसायचं न्हाई, कशाला हात लावायचा न्हाई. मी अप्पाच्या शेजारी, गुडघ्यावर हात ठिवून. असा मी शाळेत बी बसलो न्हाई.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मंग चष्म्यावरून बघितलं.

"हाच का तो मुलगा?"

"हो," वकीलसाहेब मनले.

"फारच शांत आहे."

मी गुडघ्यावरचे हात आजून दाबून धरले.

"याच्याबद्दल जे लिहून दिलंय ते सगळं तुमच्याच माणसांनी दिलंय," मॅडम मनल्या. "बाहेरचा कागद एकच आहे. शाळेचा दाखला. त्यावर लिहिलंय, वर्तणूक चांगली."

वकीलसाहेबायनं फाइल चाळली.

मुनीमजी मागून मनले, "अवो, ते सगळ्यायलाच लिव्हतेत."

"इथे मी जे कागदावर आहे ते बघते," मॅडम मनल्या. "समोर एक सांगितलेलं ऐकणारा मुलगा बसलाय. शोध तुमचा, जागा तुमची, भाचा तुमचा. मला तर वाटतं, तुम्हीच सांगून जाहिरात करून घेतली, आणि आता अंगाशी आल्यावर त्याच्यावर ढकलताय. तसं नसेल तर मला काहीतरी दाखवा."

अप्पा माइकजवळ वाकले. "मॅडम, मी ह्याला..." मनले, अन् मदीच थांबून वकीलसाहेबायकडं बघितलं. अप्पाला असं दुसऱ्याच्या तोंडाकडं बघताना मी कदी बघितलं नव्हतं.

सगळ्यायची नजर पडद्यावर. आई दारात, डोळे मिटून. कॅरमच्या पावडरीचा डबा माज्या पायाला लागला, अन् हवेची नळी हाताशीच व्हती.

अप्पा परत वाकले, फुस्सच्या एकदम समोर. "मॅडम, मी ह्याला कदीच..."

मी फटीत बोट घातलं.

फुस्स.

अप्पाच्या कपाळावरचं भस्म कुठं संपतं अन् पावडर कुठं सुरू व्हती ते कळंना. मिशा, भुवया, सगळं पांढरं. वकीलसाहेब फाइल छातीशी धरून भिंतीला लागले. आईनं डोळे उघडले अन् परत मिटले.

मॅडम पडद्याजवळ आल्या.

"मन्मथअप्पा, हे आत्ता तुम्ही करायला सांगितलं होतं?"

अप्पानं अंगठ्यानं एक डोळा पुसला. त्या एका डोळ्यानं माज्याकडं बघितलं, मंग पडद्याकडं.

"न्हाई, मॅडम."

मॅडमनी मान खाली घातली अन् लिव्हायला लागल्या. लिव्हता लिव्हता मोठ्यानं वाचायलत्या, आवाज मात्र थोडा हालायलता.

"अर्जदाराची संमती नव्हती. समक्ष पाहिलं."