पेन्सिलबाईंचं वेळापत्रक

२०२३ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या राहनाळच्या शाळेतल्या एका बाईंच्या अंबाड्यातली पेन्सिल माझ्या डोळ्यांत खुपायला लागली होती. बायका अंबाड्यात फूल माळतात, या पेन्सिल खोचायच्या. बोलता बोलता हात मागे जायचा, पेन्सिल निघायची, काहीतरी खोडलं जायचं, काहीतरी लिहिलं जायचं, की पेन्सिल परत जागेवर. पोरं त्यांना पेन्सिलबाई म्हणायची. बाईंना ते माहीत होतं. रागवायच्या नाहीत.

मी तिसरी शिकलेला. चौथीत मास्तरांनी छडी उगारली, मी ती हिसकून मोडली आणि घरी आलो, तो परत गेलो नाही. गावातले बाकीचे शेतावर आणि खाडीवर जात होते, म्हणून मी हट्टानं भिवंडीत कापडाच्या लूमवर गेलो. छत्तीस वर्षं लूम चालवले. दिवसपाळी संपली आणि पुढच्या पाळीचा कारागीर आला नाही, की तसाच लूमवर उभा राहायचो. दोन पाळ्या एका दमात. त्याला आम्ही 'डबल' म्हणायचो. माझ्याइतकं डबल कारखान्यात कोणी केलं नाही. हे मी छाती काढून सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

माझी नात सिद्धी तेव्हा पाचवीत होती. सहावीपासून पोरांना ठेवून घेऊन शिकवणारी एक सरकारी शाळा आहे, तिची प्रवेश परीक्षा जानेवारीत होती. पुष्कळ पोरं बसतात, मूठभर घेतात. सिद्धीला ती शाळा हवी होती, कारण तिथं खो-खोचं मैदान आहे. आमच्या गावातल्या मैदानावर गोदाम उभं राहिलं. मला हवी होती, कारण आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. तिचे आई-बाप दोघंही शेजारच्या वळ गावातल्या गोदामात ड्युटीला. त्यामुळे पोरगी माझ्या ताब्यात.

जूनमध्ये पेन्सिलबाई घरी आल्या. पोरगी हुशार आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही. कधी झोपते, कधी उठते, काय खाते, असलं विचारत बसल्या. मग सिद्धीलाच विचारलं, "शाळेतून आल्यावर पहिलं काय करतेस? खरं सांग."

"चिंचा खाते."

पेन्सिल निघाली. बाईंनी लिहिलं, 'चार वाजता: चिंचा.'

मला वाटलं, बाई खुळी आहे. पुढे लिहिलं, सकाळी सहाला उठून अर्धा तास गणित, डोकं ताजं असतं तोवर. संध्याकाळी पाच ते सहा खेळ. मग चाळीस मिनिटं बुद्धिमत्तेच्या आकृत्या. जेवणानंतर एक उतारा मोठ्यानं वाचायचा आणि नऊला झोपायचं. रविवारी एक सराव पेपर, मग दिवसभर सुट्टी.

मी बोटांवर मोजलं. "बाई, हे दोन तास पण होत न्हाय. एवढ्यात काय पिकणार?"

"आणि शाळेत पाच तास बसते ते कुठं गेले आबा? ते काय मी फुकट शिकवते?"

बाईंचा कागद घेऊन मी गोदामांवर नंबर रंगवणाऱ्या पेंटरकडे गेलो. भिंतीवर लाल ऑइलपेंटनं ते वेळापत्रक लिहून घेतलं, चिंचांची ओळ तेवढी गाळून. आठ दिवसांनी बाई आल्या, भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

"आबा, हे वेळापत्रक आहे, गोदामाचा नंबर नाही. पोर महिन्या-महिन्याला बदलतं. म्हणून तर मी पेन्सिल वापरते." आणि तिथल्या तिथं त्यांनी गणित सकाळचं संध्याकाळी नेलं, कारण सिद्धी सकाळी पेंगत होती. वर मला सुनावलं, "आणि चिंचा कुठं गेल्या?" तेव्हापासून आमच्या भिंतीवरच्या ऑइलपेंटवर दर महिन्याला नवा कागद चिकटायचा आणि सून मला बघून तोंडावर पदर धरायची.

दिवाळी झाली आणि माझा धीर सुटला. जानेवारी तोंडावर आलेला, आणि पोरगी पाच वाजले की लंगडी घालायला पळते. मी काही कोणाशी बोललो नाही. पहाटे चारला तिला उठवायला लागलो. सहापर्यंत गणितं. मग घर जागं झालं की ती जणू आत्ताच उठली, असं दाखवायचं.

"आईला सांगायचं न्हाय. बाईंना तर बिलकूल न्हाय."

"आबा, झोप येते."

"मला पण यायची. मी उभा राहायचो."

रविवारच्या पेपरात तिला ऐंशी प्रश्नांतले बासष्ट यायचे. त्याचे चौपन्न झाले, मग सत्तेचाळीस. मी म्हटलं, कमी पडतंय, म्हणून पावणेचारला उठवलं. इकडे बाईंची पेन्सिल अंबाड्यात टिकेना. त्यांनी आकृत्या कमी केल्या, उतारा जेवणाआधी नेला, रोज एक अंडं द्यायला सांगितलं. स्वतः रिक्षात घालून पोरीचे डोळे तपासून आणले. डोळे ठणठणीत.

आणि एका संध्याकाळी सुनेसमोर त्यांनी हात टेकले. "ताई, तीन आठवडे बघतेय. पोरगी हुशार आहे, म्हणजे वेळापत्रक माझंच चुकतंय. तुम्ही भिवंडीतल्या एखाद्या क्लासला घाला तिला. माझ्या चुकीपायी तिची संधी जायला नको."

सिद्धी तिथंच बसली होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. दहा वर्षांची पोर म्हाताऱ्याची अब्रू राखत होती. मास्तरांसमोर, शेठसमोर, सख्ख्या भावासमोर मी कधी मान खाली घातली नाही. त्या दिवशी मला माझ्याच घरात वर बघवेना.

बाई निघाल्या. मी अनवाणीच त्यांच्यामागे नाक्यापर्यंत गेलो. रिक्षात एक पाय टाकला होता त्यांनी.

"बाई, थांबा. चूक तुमची न्हाय. मी पोरीला पहाटे चारला उठवतो. डबल करून घेतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि मी तिचे डोळे तपासून आणले!" बाई हसायला लागल्या, त्या रिक्षाचा दांडा धरून हसतच राहिल्या. रिक्षावालाही वळून बघायला लागला. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

मग डोळे पुसले. "आबा, माझी आई लूमच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. डबल तीही करायची. मी तिथंच शेजारी पुस्तक घेऊन बसायचे. आठ वाजले की ती पुस्तक काढून घ्यायची. म्हणायची, डबल मी करतेय ना? मग तू झोप."



बाईंनी रिक्षाच्या सीटवर वही टेकवली आणि लिहिलं, 'चार ते सहा: झोप. राखणदार: आबा.' पान फाडून माझ्या हातात दिलं. "ही ड्युटी तुमची. दांडी चालणार नाही."

मी दांडी मारणारा माणूस नव्हे. दुसऱ्या दिवसापासून चारला उठून उंबऱ्यावर बसायला लागलो. दूधवाल्यानं आरोळी देण्याआधीच त्याला हातानं अडवलं.

तो कुजबुजला, "आबा, घरात कोण आजारी हाय का?"

"न्हाय. परीक्षा हाय."

तो बिचारा किटली घेऊन पाय न वाजवता गेला. गोदामाकडे निघालेल्या एका कंटेनरवाल्यानं हॉर्न मारला, तर मी काठी घेऊन रस्त्यात आडवा झालो. "अंदर बच्ची सोयी है!" म्हटलं. त्यानं हात जोडले आणि गाडी हळूच काढली.

तिसऱ्या रविवारी सहासष्ट आले. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी भिंतीवरच्या कागदावर एकच ओळ ठेवली, 'आज काही नाही.' मी दात खाल्ले, पण पोरगी दिवसभर खेळली तरी हूं की चूं केलं नाही. परीक्षेला जाताना तिनंच मला सांगितलं, "आबा, घाबरू नका."

यादी लागली, तिच्यात सिद्धीचं नाव होतं. सून रडली. मी पेढे घेऊन बाईंकडे गेलो.

"पोरगी हुशार होतीच आबा," बाई म्हणाल्या. "आपण फक्त तिच्या वाटेतून बाजूला झालो. मी जूनपासून, तुम्ही डिसेंबरपासून."

असल्या होत्या. पेढा तोंडात ठेवूनही टोमणा मारायच्या.

पुढच्या जूनमध्ये सिद्धी पेटी घेऊन शाळेला गेली आणि त्याच महिन्यात बाईंची बदली झाली, पार शहापूरच्या पलीकडे. निरोप घ्यायला आल्या. मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "बाई, मी आडमुठा माणूस. तुम्हाला लई तरास दिला."

"आडमुठा माणूस बरा असतो आबा. पटायला वेळ लागतो, पण एकदा पटलं की हलत नाही. मला अशी माणसं कमी भेटली." चहा घेतला, बशी स्वतः विसळून ठेवली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारला जाग आली. राखायला घरात कोणी नव्हतं. तेवढ्यात समोरच्या खोलीतून, जिथं लूमवाल्या अन्सारीचं बिऱ्हाड नवीनच आलं होतं, तिथून एका पोरीचा पेंगुळलेला आवाज आला. सतराचा पाढा. सतरा पाचे पंच्याऐंशीला अडकायची, बाप ओरडला की पुन्हा पहिल्यापासून. मी जाऊन दार वाजवलं.

अन्सारी घाबरून बाहेर आला. "क्या हुआ चाचा? आवाज से तकलीफ हुई?"

"कौनसी में है?"

"पाँचवी में. जनवरी में इम्तिहान है."

"सुला दो उसको," मी म्हटलं. "छे बजे मैं खुद उठाने आता हूँ."

तो काही बोलायच्या आत मी हात आत घालून त्याचा दिवा बंद केला.