चांदीची नळी

घोडेगावच्या बैलबाजारात भिमाजीसारखा दलाल नव्हता. शिंगं साळून, तेल चोपडून म्हातारा बैल तो तरणा म्हणून गळ्यात मारायचा, आणि घेणारा वर त्यालाच चहा पाजायचा. पुढं नगरच्या डॉक्टरांनी त्याच्या घशातली गाठ काढली. आवाज कायमचा गेला. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून तिथं चांदीची नळी बसवली. लोक म्हणाले, संपला भिमाजी. पण बैलाचा सौदा तोंडानं होतोच कुठं? उपरण्याखाली हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, नाही जमलं तर हात सोडायचा. दोन शब्द बोलायला थोरला लेक छगन शेजारी असायचा.

बहात्तरच्या दुष्काळात जनावरं मातीमोल झाली, दलाली आटली. दिवाळीच्या आधी छगननं धुवायला काढलेली नळी उचलली. "आबा, काळी पडलीया. सोनाराकडून उजळून आनतो." नळी लखलखीत होऊन आली. भिमाजीला लेकाचं लई कौतुक वाटलं. पुढच्या बाजाराला छगनच्या मनगटावर एक जुनं, काच तडकलेलं घड्याळ होतं. दोस्तानं दिलं म्हणाला.

संक्रांतीपर्यंत भोकाच्या कडा सुजल्या, पू वाहू लागला, ताप हटेना. नगरच्या डॉक्टरांनी नळी काढून उजेडात धरली. कड हिरवी पडली होती.

"ही पितळेची आहे. चांदीचा मुलामा होता, तो उडाला. पितळ ओलाव्यात कळकतं, जखम चिघळवतं. चांदीचं तसं होत नाही, म्हणून तर चांदीची दिली होती."

"मग दुसरी बसवा की, डाक्टरसाहेब," भिमाजीची बायको बायडाबाई म्हणाली.

"बसवतो. पण पू छातीत उतरलाय, बाई. आता फार आशा नाही."

"सोनारानं फशिवलं आपल्याला," छगन म्हणाला. चेहरा अगदी सरळ होता. म्हातारा बैल विकताना भिमाजी हाच चेहरा करायचा, पोरानं बापाकडूनच उचललेला. भिमाजीला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची शिसारी आली.

त्यानं खुणेनं छगनला खाटेजवळ बोलावलं, उपरणं ओढलं आणि त्याखाली पोराचा हात धरला. बोटांना आधी घड्याळाचा पट्टा लागला. मग त्यानं छगनचा तळवा दाबला, विकणाऱ्याला भाव विचारतात तसा.

छगनची बोटं भाव सांगेनात. भिमाजीनं बराच वेळ वाट पाहिली. मग हात सोडला.